‘मी का ऐकून घेऊ?’ : खालच्या मजल्यावरची सुकी मासळी आणि वरच्या मजल्यावरची मळमळ

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं सगळं कशावरून चाललंय ते कळेल. घर माळकरी, सासूबाई वारी करणाऱ्या, घरात अंडंसुद्धा येत नाही. वर्षभरापूर्वी खालच्या मजल्यावर एक कोळी कुटुंब राहायला आलं, आठवड्यातून दोन-तीनदा सुक्या मासळीचा वास वर येतो आणि ह्यांना अक्षरशः मळमळतं. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ‘घाण वास येतो, काळजी घ्यावी’ असं टाकलं, खालच्यांनी तिथेच सडेतोड उत्तर दिलं, झालं. आता कॉलेजातली मुलगी म्हणते आई तू जातीयवादी आहेस, नवरा म्हणतो कमिटीला लेखी तक्रार दे, आणि ताई म्हणतात मला ह्यातलं काहीच नकोय, मला त्या बाईंची बाजू खरंच समजून घ्यायची आहे, एकदा जिन्यात बोललेसुद्धा, पण पाच मिनिटांत आतून इतकी चिडचिड झाली की पुढचं काही ऐकूच आलं नाही. तर मनातून इतकं अवघडलेलं असताना ऐकायचं कसं?

मी सोळा वर्षं मध्यस्थीचं काम करते. आधी ४० तासांचं ट्रेनिंग घेऊन कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात, नवरा-बायको, भाऊ-भाऊ, गाळ्याचं भाडं वगैरे, आणि मग हळूहळू सोसायट्यांची भांडणं यायला लागली ती आता निम्म्याच्या वर झालीत. पाणी, पार्किंग आणि वास, ह्या तीन गोष्टींवरून माणसं काय थराला जातात ते मला विचारा. त्यातलं पार्किंग सगळ्यात सोपं, कारण तिथे कोणाचा देव मध्ये येत नाही.

ताई, पहिली गोष्ट, तुम्हाला मळमळतं हे खोटं पाडून ऐकायला बसू नका. मुलगी बोलली म्हणून ‘मला काही प्रॉब्लेम नाही हो’ असा चेहरा करून गेलात तर समोरच्या बाईला तो दोन मिनिटांत कळणार, कळतोच. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी जिथे असतात तिकडे फार थेट जाते, विचार मागून येतो, त्यामुळे लहानपणापासून जो वास घरात नव्हता तो आला की पोटात ढवळणं हा काही गुन्हा नाही. गडबड पुढच्या पायरीवर होते. ‘मला मळमळतं’ हे तुमच्याबद्दलचं वाक्य आहे, ‘घाण वास येतो’ हे त्यांच्याबद्दलचं. ग्रुपवर जो मेसेज गेला त्यात सगळी आग त्या ‘घाण’ शब्दाने लावली, वासाने नाही. माझा भाचा जर्मनीत शिकायला गेला तेव्हा घरमालकाने हिंगाच्या फोडणीवरून मेल पाठवला होता, पडद्यांना वास लागतो म्हणून. आमच्या घरात केवढा संताप झाला त्यावर! आई तर म्हणाली, हिंगाला वास म्हणतात मेले, सुगंध म्हणतात त्याला.

दुसरं, ती चिडचिड. ह्यावर मी बरीच वर्षं विचार केलाय आणि मला वाटतं अर्धी गोची आपल्या शब्दातच आहे. पोरगं ऐकत नाही म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं नसतं, सांगितलेलं करत नाही. सुनेने ऐकून घेतलं म्हणजे बोलणी खाल्ली. भांडणात आपण म्हणतो काय, ‘मी का ऐकून घेऊ?’ म्हणजे मराठी माणसाच्या कानाला ऐकणं एक तर हुकूम मानणं असतं नाहीतर अपमान गिळणं. मग समोरची बोलायला लागली की शरीराला वाटतं आपण हरलो, आणि ते उत्तर जुळवायला लागतं. जिन्यात तुमचं तेच झालं असणार. त्या काय बोलल्या त्यातली दोन वाक्यं तरी आठवतात का, बघा जरा. आठवत नसतील पण आपण काय बोलणार होतो ते मात्र शब्दन् शब्द आठवत असेल.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. ठाण्याकडची बिल्डिंग, जुनी चाळ पाडून टॉवर झालेला, चाळीतली जुनी माणसं खालच्या मजल्यांवर आणि विकत घेतलेले फ्लॅट वर. सहाव्यावर जुन्यातलं एक आगरी कुटुंब, नवव्यावर जैन कुटुंब. दोन्ही किचन एकाच डक्टमध्ये उघडतात आणि गरम हवा वरच चढणार, त्यामुळे सहाव्यावर बोंबील भाजला की नवव्यावर पत्ता लागायचा. पहिली मीटिंग सोसायटीच्या ऑफिसमध्ये, सेक्रेटरी धरून आठ-नऊ माणसं, आणि मी वीस मिनिटांत चिमणीचा तोडगा काढून मोकळी! दोन्ही बाजूंनी माझ्याकडे असं बघितलं की ही कोण आणली. तोडगा काढायची घाई हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे आणि मला तो अजून अधूनमधून होतो. वर आणखी एक, मी मूळची वेंगुर्ल्याची, बोंबील म्हटलं की तोंडाला पाणी सुटणारी. नवव्या मजल्यावरच्या बेननी उठता उठता सरळ विचारलं, ‘तुम्ही पण खाता ना?’ मी हो म्हटलं. त्या दिवशी मीटिंग फुकट गेली, पण नंतर त्या म्हणाल्या की खोटं बोलली नाहीत म्हणून दुसऱ्यांदा आले.

दुसऱ्यांदा आम्ही तिघीच, सहाव्या मजल्यावरच्या ताईंच्या घरी. ताईंनी ट्रेमधून पाण्याचे ग्लास आणले. बेननी हात जोडून नको म्हटलं आणि पर्समधून स्वतःची बाटली काढली. ट्रे टीपॉयवर ठेवला गेला तो जरा आवाज करूनच. ‘बरोबर आहे,’ ताई म्हणाल्या, ‘आमच्या घरचं पाणी कसं चालेल.’

पूर्वीची मी असते तर इथे ‘अहो तसं नाही, गैरसमज नको’ म्हणून पांघरूण घातलं असतं. त्या दिवशी घातलं नाही. ताईंना विचारलं, त्यांनी पाणी नको म्हटलं तेव्हा काय झालं तुम्हाला? बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, माझी आजी डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची, उन्हाची कोणाच्या दारात पाणी मागितलं की ओंजळ पुढे करायला सांगून वरून ओतायचे, भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत, आजी ते हसत हसत सांगायची पण आम्हाला हसू यायचं नाही.

बेन लगेच बोलायला गेल्या. मी थांबवलं. म्हटलं, उत्तर नंतर, आधी ताई काय म्हणाल्या ते तुमच्या शब्दांत त्यांनाच सांगा आणि त्या ‘हो’ म्हणेपर्यंत आपण पुढे जायचं नाही. बेन म्हणाल्या, ‘ह्यांना वाटलं मी ह्यांचा अपमान केला.’ ताईंनी मान हलवली, एवढंच नाही. बेन गप्प बसल्या, बाटलीचं झाकण फिरवत होत्या, उघड-बंद, उघड-बंद. मग हळू म्हणाल्या, ‘ज्यांनी तुमच्या आजीला वरून पाणी ओतलं, मी त्यांच्यातलीच आहे असं तुम्हाला वाटलं.’

‘हां,’ ताई म्हणाल्या. बास, एवढंच.

मग बेनची पाळी. त्या दिवसांत त्या उकळलेलंच पाणी प्यायच्या, तेही सूर्यास्ताच्या आत, सख्ख्या बहिणीकडे गेल्या तरी बाटली बरोबर. आणि तक्रार कशी झाली तेही सांगितलं. आदल्या वर्षी पर्युषणात त्यांच्या सासूबाईंची अठाई होती, म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त दिवसा उकळलेलं पाणी. सहाव्या दिवशी डक्टमधून भाजक्या बोंबलाचा वास आला आणि रिकाम्या पोटी सासूबाईंना उमासे यायला लागले, थांबेनात. घरात फक्त त्या दोघी. उपास मोडला तर सुनेने नीट सांभाळलं नाही असंच सगळे म्हणणार. त्या घाबरून गेल्या होत्या आणि त्याच घाबरलेल्या अवस्थेत ग्रुपवर मेसेज टाकला, तोही गुजरातीमिश्रित हिंदीत, जो खाली पोचेपर्यंत ‘तुम लोग’ एवढाच उरला होता.

आता ताईंनी परत सांगायचं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्हाला माशाचा राग नव्हता, सासूचा उपास तुमच्या हातून मोडेल ह्याची भीती होती.’ मला वाटलं जमलं. बेन म्हणाल्या, ‘नाही, राग पण होता. जीव जातो त्याचा. ते मला आज पण पटत नाही.’ आणि ताई म्हणाल्या, ‘ते मला माहितीये.’

माझ्या मते त्या दोन तासांतलं सगळ्यात कामाचं वाक्य ते होतं. बेनचं मत एक इंचभर हललं नाही, ताईंचंही नाही, पण दोघींनाही आता समोरची नेमकी कुठे उभी आहे ते माहीत झालं. बोंबील कोणासाठी भाजले जायचे तेही तेव्हाच निघालं, ताईंचे सासरे आजारातून उठलेले, तोंडाला चव नाही, भाजलेला बोंबील आणि तांदळाची भाकरी एवढंच जायचं. आणि लिफ्टमध्ये वरच्या मजल्यांवरची पोरं ताईंच्या मुलाला बघून नाक धरायची, हे तर कोणालाच माहीत नव्हतं, मुलाने घरीसुद्धा उशिरा सांगितलं होतं. ताईंचं खरं दुखणं ते होतं, ग्रुपवरचा मेसेज फक्त निमित्त.

पुढे काय झालं? फार काही नाही. पर्युषणाच्या तारखा बेन आधी कळवतात, त्या आठ दिवसांत ताई बोंबील भाजत नाहीत, कालवण करतात, हे ताईंनी आपणहून सांगितलं, मी सुचवलं असतं तर बिघडलं असतं. बेननी लेखी तक्रार मागे घेतली आणि घरातल्या पोरांना लिफ्टवरून झाडलं. बेनचे मिस्टर मात्र तेव्हाही नाराज होते, आजही आहेत. एकमेकींच्या घरी त्या आजही जेवत नाहीत. मला ते चालतं.

परत सांगायचा हा जो नियम आहे तो माझा नाही. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली एका लेखात सुचवलेला आहे, की वाद पेटला की प्रत्येकाने आधी समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याचं समाधान होईल अशी सांगायची आणि मगच स्वतःचं बोलायचं. करून बघितलं तर किती अवघड आहे ते कळेल असंही त्याने तिथेच लिहिलंय. आणि ह्यात धोका कोणता तेही लिहिलंय, समोरच्याच्या जागेवरून खरंच बघितलं तर आपण बदलू शकतो. जैनांचा अनेकांतवाद ह्यापेक्षा कितीतरी जुना, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तो फक्त एकाच अर्थाने ऐकलाय, ‘सत्याला अनेक बाजू असतात, तर तुम्ही माझी माना.’

घरी प्रॅक्टिस करायची असेल तर मुलीवर करा. ती जातीयवादी म्हणाली ना, तिला उत्तर देऊ नका, तिला काय म्हणायचंय ते तिलाच सांगून बघा आणि ती ‘हो आई, हेच’ म्हणते का बघा. माझा अंदाज आहे पहिल्या तीन वेळा म्हणणार नाही.

आणि ‘का’ ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे ‘का’ म्हणजे जाब. ‘तुम्ही सुकं का करता?’ म्हटलं की ती बाई वकील होणार. ‘तुमच्याकडे कसं असतं?’ म्हणा, ‘गावाला असताना कसं करायचात?’ म्हणा. मग ऐकायला काय मिळतं बघा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि हा बंदीचा नियम नव्हता तेव्हापासूनसुद्धा कोळी बोटी वर ओढून ठेवायचे ते नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत. ते दिवस निघायचे कशावर? आगोटीवर. उन्हाळाभर वाळवलेले बोंबील, जवळा, सुकट, सोडे डब्यांत दाबून भरायचे. तुमच्या घरात पापड-कुरडया, लोणचं, सांडगे होतात तसंच ते, वर्षाची बेगमी. सुक्या मासळीचा वास म्हणजे त्या घरात अडीनडीला काहीतरी शिल्लक आहे असा वास. हे माहीत झालं म्हणून तुमची मळमळ थांबणार नाही, पण मळमळताना डोक्यात जे वाक्य येतं ते कदाचित बदलेल.

आणखी एक, आगरी-कोळ्यांत माळकरी भरपूर आहेत. खालच्या घरातही एखादी म्हातारी माळ घातलेली निघेल, तिचं वेगळं पातेलं असेल. तुमच्या माहेरी नव्हतं का असं, आजोबा माळकरी, काका खाणारे, मग मागच्या दारी वेगळी चूल आणि भांडी वेगळी घासून उपडी? बऱ्याच मराठी घरांत हा तह पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, कोणी कोणाला बदललं नाही आणि घरही मोडलं नाही. ‘आमच्यात’ आणि ‘तुमच्यात’ ही भिंत आपण समजतो तिथे नेहमी नसते, कधी कधी ती एकाच स्वयंपाकघरातून जाते.

आता थोडं कडू. समजून घ्यायला नेहमी कोणाला सांगितलं जातं ते बघा. सुनेला, नव्याने राहायला आलेल्याला, भाडेकरूला, खालच्या समजल्या गेलेल्या जातीतल्या माणसाला. ‘समजून घे गं बाई’ हे वाक्य ऐकत ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांच्याकडे आपण ‘चला एकमेकांना समजून घेऊ’ म्हणत गेलो की त्यांना पुढे काय येणार ते ऐकू येतं. त्या बाई म्हणू शकतात, मला नाही बोलायचं. तो त्यांचा हक्क आहे, त्यावर नाराज होऊन परत यायचं नाही. आणि तुमच्या बाजूच्या कोणी ‘असल्यांना फ्लॅट द्यायलाच नको होता’ म्हटलं तर ते समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, तिथल्या तिथे नाही म्हणा. कोणी काय खातं ह्याचा त्रास ऐकून घेता येतो, कोणी इथे राहायचंच की नाही हा चर्चेचा विषय नाही. हा फरक मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली, सुरुवातीला मी दोन्हीला सारखाच वेळ द्यायचे आणि त्याला निष्पक्षपणा म्हणायचे.

लेखी तक्रार सध्या राहू द्या. कागद झाला की माणूस त्या कागदाला बांधला जातो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात शेजारपाजारच्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण ठेवलंय, त्यातसुद्धा सगळ्या बाजूंची आधी संमती लागते आणि जो करार होतो तो कोर्टाच्या हुकुमासारखा बजावता येत नाही, शांतता राहावी एवढ्यासाठीच असतो. म्हणजे शेवटी दोघांच्या मनावरच.

तर तुमचं. ग्रुपवर काही लिहू नका, जिन्यात आणि लिफ्टमध्ये तर नाहीच, तिथे दोघींनाही दुसरीकडे जायचं असतं. एखाद्या संध्याकाळी वास नसताना जा, आधी विचारून जा. सुरुवात साधी, ‘ग्रुपवर घाण शब्द आला तो मला आवडला नव्हता, आणि मी तेव्हा काही बोलले नाही.’ एवढं म्हणून थांबा. त्या काय म्हणतील ते तीन वाक्यं तरी पूर्ण होऊ द्या, परत सांगून बघा, चुकलं तर त्या सांगतील. तुमच्या मळमळीचं त्यांनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर पहिल्या दिवशी सांगू नका. किचनची खिडकी, एक्झॉस्ट, डक्ट हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीचं, आणि तेही आधी त्यांनी काढलं तर बरं. मध्येच आतून उकळायला लागलं तर पाय जमिनीला टेकवून बसा आणि खरं ते बोला, ‘मला जरा अवघड जातंय, पण तुम्ही बोला.’ मी अजूनही हे वाक्य वापरते.

आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून स्टीलच्या डब्यातून काही करून नेऊ नका. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, त्या बिचाऱ्या विचारात पडतील की ह्यांच्या डब्यात आपल्या घरचं काय भरून द्यायचं, आणि भरून दिलंच तर तुम्ही विचारात पडाल. कागदी पिशवीतून केळी न्या.